डोळा आणि कान उलगडून दाखवणारा डॉक्टर : हर्मान हेल्महोल्ट्झ



ज्ञानेंद्रियांचा पाठ आपण सगळेच शिकवतो. डोळ्यांनी पाहतो, कानांनी ऐकतो, नाकाने वास घेतो. मुलं धडाधड उत्तरं देतात आणि पाठ संपतो. पण एखादं चौकस पोर मध्येच विचारतं, "बाई, डोळ्याच्या मधला गोल काळाच का दिसतो?" किंवा, "पेटी आणि बासरी एकच सूर वाजवतात, तरी वेगवेगळी कशी कळते?" तेव्हा आपल्याला जरा थांबावं लागतं. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं ज्या एका माणसाने शोधली, त्याची ओळख आज करून घेऊ. त्यांचं नाव हर्मान हेल्महोल्ट्झ. व्यवसायाने लष्करी डॉक्टर, मनाने भौतिकशास्त्रज्ञ आणि आयुष्यभर शिक्षक.

बालपण : आठवणीत कच्चा, ठोकळ्यांत पक्का

हर्मानचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी जर्मनीतल्या पॉट्सडॅम या गावी झाला. तेव्हा जर्मनी एकसंध देश नव्हता, हा भाग प्रशिया राज्यात होता. वडील फर्डिनांड हे तिथल्या शाळेत शिक्षक होते. भाषा आणि तत्त्वज्ञान हे त्यांचे आवडीचे विषय. घरात पुस्तकं भरपूर, पैसा मात्र बेताचा. भावंडांत हर्मान थोरला.

लहानपणी तो सारखा आजारी असायचा. बरेच दिवस अंथरुणातच जायचे. अशा वेळी लाकडी ठोकळे हेच त्याचे सोबती. ठोकळे जुळवता जुळवता कोणता आकार कोणत्या आकाराशेजारी बसतो, बाजू बदलली की काय होतं, हे त्याच्या हातांना कळत गेलं. पुढे शाळेत भूमिती सुरू झाली तेव्हा त्यातल्या बऱ्याच गोष्टी त्याला आधीच माहीत होत्या. शिक्षकांनाही याचं नवल वाटलं.

पण दुसरी बाजूही होती. एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी त्याच्या लक्षात राहत नसत. शब्दांची यादी, व्याकरणातले अपवाद, इतिहासातल्या सनावळ्या म्हटलं की तो अडखळायचा. गद्य उतारा तोंडपाठ करणं ही त्याला शिक्षा वाटे. मात्र गोष्टींमागचा नियम कळला की ती त्याच्या डोक्यात कायमची बसायची. वर्गात लॅटिनचा कंटाळवाणा तास चालू असताना हा मुलगा बाकाखाली वही धरून दुर्बिणीतून प्रकाशकिरण कसे जातात याची आकडेमोड करत बसे.

विचार करा, आज असं मूल आपल्या वर्गात असेल तर आपण त्याच्या प्रगतिपत्रकावर काय लिहू?

डॉक्टरकी नाइलाजाने

हर्मानला भौतिकशास्त्र शिकायचं होतं. पण त्या काळी या विषयावर पोट भरेल अशी खात्री नव्हती आणि शिक्षकाच्या पगारात विद्यापीठाचा खर्च झेपणारा नव्हता. वडिलांनी मार्ग काढला. बर्लिनमध्ये लष्कराची वैद्यकीय संस्था होती. तिथे शिक्षण मोफत मिळे, बदल्यात शिक्षण संपल्यावर आठ वर्षं लष्करात डॉक्टर म्हणून नोकरी करावी लागे. १८३८ साली, सतराव्या वर्षी, हर्मान तिथे दाखल झाला.

आवडता विषय सुटला असं वरवर वाटतं, पण तो सुटला नाही. तिथे त्याला योहानेस म्युलर हे शरीरक्रियाशास्त्राचे मोठे गुरू मिळाले. शिकत असतानाच हर्मान विषमज्वराने आजारी पडला. विद्यार्थी म्हणून रुग्णालयात उपचार फुकट झाले, त्यामुळे साठलेले थोडे पैसे तसेच राहिले. त्या पैशांतून त्याने एक साधा सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि त्याच्याच मदतीने मज्जातंतूंवर संशोधन केलं. १८४२ मध्ये त्याला डॉक्टरची पदवी मिळाली.

पुढे पॉट्सडॅमच्या लष्करी छावणीत नोकरी करतानाही त्यांचे प्रयोग चालूच राहिले. १८४७ साली, वयाच्या २६ व्या वर्षी, त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, फक्त रूप बदलते, हे त्यांनी गणिताने मांडलं. त्या वेळच्या नामांकित नियतकालिकाने तो निबंध छापायला नकार दिला. शेवटी तो वेगळी पुस्तिका म्हणून निघाला. आज हाच नियम आपण सातवी-आठवीच्या मुलांना शिकवतो. निबंधाचं मोल जाणणारी माणसंही भेटली, आणि लष्करी नोकरीची मुदत पुरी होण्याआधीच त्यांना मोकळीक मिळाली. १८४९ मध्ये कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात ते शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ओल्गाशी त्यांचं लग्न झालं.

संदेशाला वेळ लागतो

पायाला काटा टोचला की आपल्याला लगेच कळतं. पण हे 'लगेच' म्हणजे किती? मज्जातंतूंतून संदेश इतका वेगाने जातो की तो मोजणं माणसाला कधी जमणार नाही, असं खुद्द त्यांच्या गुरूंचं, म्युलर यांचं मत होतं.

हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू घेतला. एकदा स्नायूच्या जवळ आणि एकदा स्नायूपासून दूर विजेचा हलकासा झटका दिला. दुसऱ्या वेळी स्नायू किंचित उशिरा आकसला. हा फरक सेकंदाच्या अगदी लहान अंशाएवढा होता, पण त्यांनी तो मोजला. मोजमापाच्या नोंदी लिहायला ओल्गा शेजारी बसलेली असे. १८५० मध्ये उत्तर हाती आलं. संदेशाचा वेग सेकंदाला साधारण २७ मीटर निघाला. प्रकाशाचा, विजेचा वेग सोडाच, आवाजसुद्धा याच्यापेक्षा कितीतरी वेगाने जातो!

वडिलांना हे पटेना. मनात विचार येणं आणि शरीराने तसं करणं या दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात अशी त्यांची समजूत होती. मुलाने त्यांना पत्राने समजावलं. जग आपल्याला जसंच्या तसं आणि त्याच क्षणी कळत नाही. आधी इंद्रियांवर काहीतरी आदळतं, मग संदेश निघतो, प्रवास करतो, मेंदूत पोचतो आणि मग आपल्याला कळतं. पुढच्या सगळ्या कामाचा पाया इथेच घातला गेला.

पाठाची तयारी करता करता लागलेला शोध

आता आपल्या सगळ्या शिक्षकांना आवडेल अशी गोष्ट. १८५० च्या अखेरीस हेल्महोल्ट्झ यांना विद्यार्थ्यांना डोळ्यावर पाठ द्यायचा होता. मांजराचे डोळे अंधारात चमकतात आणि योग्य कोनातून पाहिलं तर माणसाचा डोळाही चमकताना दिसतो, हे माहीत होतं. पण हा चमकणारा प्रकाश बाहेर येतो कसा हे विद्यार्थ्यांना नीट समजावून सांगायचं होतं. ती तयारी करताना त्यांच्या मनात प्रश्न आला. डोळ्यात गेलेला प्रकाश परत बाहेर येतो, तर मग बाहुली काळी का दिसते?

उत्तर साधं होतं. प्रकाश ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने परत येतो. तो पाहायचा तर आपला डोळा त्या वाटेवर, म्हणजे दिव्याच्या जागी, हवा. पण आपण तिथे डोकं नेलं की दिव्याचा प्रकाशच अडतो. म्हणून आत अंधार दिसतो.

मग त्यांनी युक्ती केली. काचेची पट्टी तिरकी धरली. बाजूच्या दिव्याचा प्रकाश त्या काचेवरून परावर्तित होऊन समोरच्याच्या डोळ्यात जाई, आणि परत येणाऱ्या प्रकाशातला काही भाग त्याच काचेतून आरपार पाहणाऱ्यापर्यंत पोचे. सोबत चष्म्याचं भिंग. पुठ्ठा, सरस, सूक्ष्मदर्शकाच्या काचा आणि भिंग एवढ्यावर पहिलं उपकरण तयार झालं. सुमारे आठवडाभर खटपट केल्यावर त्यांना जिवंत माणसाच्या डोळ्यातलं दृष्टिपटल आणि त्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या स्पष्ट दिसल्या. हाच नेत्रदर्शक, ऑप्थाल्मोस्कोप. त्यासाठी शाळेत शिकलेल्या प्रकाशाच्या ज्ञानापलीकडे फारसं काही लागलं नाही, असं त्यांनी वडिलांना कळवलं.

त्याआधी डोळा बाहेरून निरोगी दिसत असूनही माणूस आंधळा होत गेला, तर डॉक्टर हतबल असत. आत काय बिघडलंय हे जिवंतपणी पाहायची सोय नव्हती. १८५१ मध्ये उपकरणाची माहिती प्रसिद्ध झाली आणि नेत्रवैद्यकाचं चित्रच पालटलं. सुरुवातीला नाकं मुरडणारेही होते. आजारी डोळ्यात असा उघडा प्रकाश सोडणं धोक्याचं आहे असं एका डॉक्टराला वाटलं. दुसऱ्याच्या मते ज्यांची स्वतःची नजर कमजोर आहे अशाच डॉक्टरांना त्याची गरज! पण आज मधुमेहामुळे किंवा काचबिंदूमुळे डोळ्याच्या आत झालेलं नुकसान तपासताना डॉक्टर ज्या उपकरणांतून पाहतात, ती याच पुठ्ठ्याच्या उपकरणाची नातवंडं-पतवंडं आहेत.

आपण पाहतो कसे?

थंड हवेत ओल्गाची प्रकृती ढासळत होती. म्हणून १८५५ मध्ये हे कुटुंब बॉन शहरात गेलं, १८५८ मध्ये हायडेलबर्गला. १८५९ च्या अखेरीस क्षयाने ओल्गा गेली. दोन लहान मुलं पदरात होती. काही काळ हेल्महोल्ट्झ पार खचले. १८६१ मध्ये त्यांचं अॅनाशी दुसरं लग्न झालं आणि घर पुन्हा सावरलं. या सगळ्या धावपळीत आणि दुःखात डोळ्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ चालूच होता. तीन भागांतला हा ग्रंथ १८५६ ते १८६७ या काळात पुरा झाला.

त्यातल्या तीन गोष्टी आपल्या पाठात सहज सांगता येतील.

पहिली, जवळ-दूरचं पाहणं. डोळ्यातलं भिंग लवचीक असतं. जवळची वस्तू पाहताना त्याभोवतीचा स्नायू आकसतो, भिंगावरचा ताण सैल होतो आणि भिंग फुगीर होतं. दूर पाहताना ते पुन्हा चपटं होतं. यालाच आपल्या पुस्तकात समायोजन शक्ती म्हटलंय. भिंगाची वक्रता मोजायला हेल्महोल्ट्झ यांनी वेगळं उपकरण बनवलं होतं.

दुसरी, रंग. इंग्लंडच्या थॉमस यंग यांनी १८०२ मध्ये सुचवलं होतं की डोळ्यात फक्त तीन प्रकारची रंगग्रहणं पुरेशी आहेत. ही कल्पना मागे पडली होती. हेल्महोल्ट्झ यांनी ती पुढे आणून नीट मांडली. लाल, हिरवा आणि निळा-जांभळा यांच्या कमी-अधिक मिश्रणातून आपल्याला सगळे रंग दिसतात. दृष्टिपटलात खरोखरच तीन प्रकारच्या शंकाकृती पेशी आहेत याचा प्रत्यक्ष पुरावा शंभर वर्षांनी, १९६० च्या दशकात मिळाला. आपला टीव्ही आणि मोबाईलचा पडदाही याच तीन रंगांवर चालतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. डोळा हे काही निर्दोष यंत्र नाही. त्यात त्रुटी आहेत, आंधळा बिंदू आहे, दृष्टिपटलावर चित्र उलटं पडतं. एखाद्या दुकानदाराने असं उपकरण विकलं असतं तर आपण ते परत केलं असतं, अशा अर्थाचं ते गमतीने म्हणत. तरी आपल्याला जग नीट दिसतं, कारण मेंदू अनुभवावरून अंदाज बांधतो. आपल्या नकळत तो क्षणोक्षणी निष्कर्ष काढत असतो. हेल्महोल्ट्झ यांनी लोलकाचा चष्मा लावून पाहिला. वस्तू सरकलेल्या दिसू लागल्या आणि हात भलतीकडेच पडू लागला. पण थोडा वेळ सराव केल्यावर हात बरोबर जागी जाऊ लागला. चष्मा काढला तर आता उलट्या बाजूला चुकू लागला! म्हणजे पाहणं ही शिकण्याची गोष्ट आहे. तान्हं बाळ खुळखुळ्याकडे हात नेतं, चुकतं, पुन्हा नेतं, तेव्हा ते पाहायलाच शिकत असतं.

आणि ऐकतो कसे?

हेल्महोल्ट्झ पियानो वाजवायचे, संगीतात त्यांना गती होती. १८६३ मध्ये त्यांनी स्वर आणि श्रवण यांवर ग्रंथ लिहिला. पेटी आणि बासरी एकच सूर वाजवत असली तरी वेगळी का वाटतात, याचं उत्तर त्यात आहे. कोणताही सूर एकटा नसतो. मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे सूक्ष्म सूरही वाजतात. त्यांचं प्रमाण प्रत्येक वाद्यात निराळं, म्हणून आवाजाचा पोत निराळा. आपल्याकडे हे समजायला तानपुरा पुरेसा आहे. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो. तो कुणी वाजवलेला नसतो. आपले गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात.

हे सूक्ष्म सूर वेगळे ऐकण्यासाठी त्यांनी पोकळ गोळे बनवले. एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला कानात बसेल अशी नळी. प्रत्येक गोळा ठरावीक सुरालाच घुमायचा. विजेवर चालणारे नादकाटे एकत्र वाजवून त्यांनी 'आ', 'ओ' यांसारखे स्वरसुद्धा उभे केले.

कानात काय घडतं? हवेच्या कंपनांनी कानाचा पडदा हलतो. तीन चिमुकली हाडं ती कंपनं आतल्या शंखासारख्या कर्णावर्तात पोचवतात. त्यातल्या पडद्याचे तंतू पियानोच्या तारांसारखे आहेत, प्रत्येक तंतू आपापल्या सुरालाच दाद देतो, असं हेल्महोल्ट्झ यांनी मांडलं. हे चित्र पुढे दुरुस्त करावं लागलं. गेऑर्ग फॉन बेकेसी यांनी दाखवलं की सुटे तंतू नव्हे, तर सगळ्या पडद्यावरून एक लाट धावते. त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं. पण उंच सूर एका ठिकाणी आणि खालचे सूर दुसऱ्या ठिकाणी ओळखले जातात, हा गाभा टिकून राहिला.

शिष्य, वारसा आणि अखेर

१८७१ पासून ते बर्लिनमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. लहानपणी हुकलेला विषय पन्नाशीत मिळाला. पुढे सरकारने त्यांना सरदारकी दिली आणि नावात 'फॉन' लागलं. मॅक्स प्लांक त्यांचे विद्यार्थी. त्यांच्या आठवणीप्रमाणे उतारवयातली हेल्महोल्ट्झ यांची व्याख्यानं कंटाळवाणी असत, तयारी नसे, फळ्यावर गणितं चुकत आणि वर्ग रिकामा होत जाई. म्हणजे तयारी करून घेतलेल्या पाठातून नेत्रदर्शक मिळाला, आणि तयारीविना घेतलेल्या पाठाला एवढा मोठा माणूसही वर्ग धरून ठेवू शकला नाही! दुसरे शिष्य हाइनरिश हर्ट्झ. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात असं आपण शिकवतो, ते एकक यांच्याच नावाचं. १८९४ च्या पहिल्याच दिवशी, अवघ्या ३६ व्या वर्षी, हा लाडका शिष्य गेला. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला हेल्महोल्ट्झ यांचंही निधन झालं.

भारताशी त्यांचं एक सुंदर नातं आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तरुणपणी हेल्महोल्ट्झ यांचा स्वरांवरचा ग्रंथ इंग्रजीतून वाचला आणि आपल्यावर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या पुस्तकांत त्याची गणना केली. पुढे त्यांनी तबला आणि मृदंगावर संशोधन करून दाखवलं की शाईमुळे त्या चामड्यातून सुरेल नाद निघतो. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात ही माहिती जरूर सांगा.

आपल्या वर्गासाठी

हे चरित्र मुलांना सांगायचं ते सनावळीसाठी नाही. पाहणं आणि ऐकणं ही लांबलचक साखळी आहे. तिची एक कडी सैल झाली तरी मूल मागे पडतं, आणि ते त्याला स्वतःला सांगता येत नाही. ज्याने स्वच्छ कधी पाहिलंच नाही त्याला आपल्याला अंधुक दिसतंय हे कसं कळणार? माझ्या वर्गातली तिसरीतली एक मुलगी फळ्याऐवजी शेजारणीच्या वहीत पाहून लिहायची. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं, तिला चष्मा लागला. चष्मा घालून आल्यावर ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल? झाडाची पानं सुटी सुटी दिसतात!

म्हणून पालकहो, मूल टीव्हीला नाक लावून बसत असेल, डोळे बारीक करून पाहत असेल, हाक मारल्यावर ओ देत नसेल, कान वारंवार दुखत किंवा वाहत असेल, तर त्याला आळशी, हट्टी म्हणण्याआधी एकदा तपासून घ्या. शिक्षकांनो, 'भ' आणि 'म' यांत सतत गोंधळणाऱ्या मुलाला एकदा पुढच्या बाकावर बसवून पाहा.

करून पाहूया

१. कागदावर डावीकडे फुली आणि उजवीकडे सुमारे ७ सेंमी अंतरावर ठळक टिंब काढा. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहा. कागद हळूहळू जवळ आणा. साधारण २५ सेंमीवर टिंब गायब होईल. हा आंधळा बिंदू. तिथे भोक दिसत नाही, कारण मेंदू ती जागा कागदाच्या रंगाने भरून काढतो.

२. एक डोळा मिटून पेनला टोपण लावा. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून लावा. फरक मुलांनाच सांगू द्या.

३. बाटलीच्या तोंडावर फुंकर घाला. थोडं पाणी ओतून पुन्हा फुंका. सूर चढत जातो. नळाखाली कळशी भरताना आवाज का बदलतो, हे मुलांना विचारा. बाटली हाच हेल्महोल्ट्झ यांचा गोळा.

४. एकाने पट्टी उभी धरून अचानक सोडायची, दुसऱ्याने बोटांत पकडायची. साधारण २० सेंमीवर पकडली तर ०.२ सेकंद लागले. डोळ्यातून मेंदूत आणि मेंदूतून बोटांपर्यंत संदेश जायला लागलेला हा वेळ.

प्रयोग केलेत तर मुलांनी काय काय विचारलं ते वहीत टिपून ठेवा. पुढच्या पाठाची तयारी तिथूनच सुरू होते.